गाडी वळताना ‘कट-कट’ वाजते? आधी निदान, मग पान्हा!

सीव्ही जॉइंट कसा बदलायचा ते व्हिडिओत दाखवलंय. इथे त्यामागचा विचार लिहितोय. कारण गॅरेज टाकणाऱ्या बहुतेकांना पान्हा चालवता येतो. पैसे बुडतात ते चुकलेल्या निदानात.

माझंच सांगतो. वर्कशॉपच्या पहिल्या वर्षी एक काका गाडी घेऊन आले, “पुढून आवाज येतोय.” मी टेस्ट ड्राइव्ह न घेताच डावा एक्सल बदलला. चौथ्या दिवशी गाडी परत! आवाज व्हील बेअरिंगचा होता. बेअरिंग माझ्या खिशातून बसवलं, एक्सलचे पैसेही परत केले. बीबीएमध्ये पाठ केलेला ‘ग्राहकाचा विश्वास’ त्या दिवशी खरा कळला.

जॉइंट खराब का होतो?

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्समधून दोन्ही चाकांकडे एकेक शाफ्ट जातो. चाक वळलं, खड्ड्यात खाली-वर झालं, तरी ते एकसारख्या वेगाने फिरावं म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतो. चाकाकडचा आउटर, बहुतेक गाड्यांत 6 गोळ्यांचा. गिअरबॉक्सकडचा इनर, बहुधा 3 रोलरचा. वर रबरी बूट, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, पावसाळ्यात चिखल-पाणी आत जातं आणि जॉइंट झिजतो.

निदान कसं करायचं?

1. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून, हळू रेस देत गोल फिरा. कट-कट आली तर आउटरवर संशय. डावीकडे वळताना आली तर आधी उजवा बघा, उजवीकडे आली तर डावा.
2. सरळ रस्त्यावर रेस दिली की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते? इनर तपासा.
3. ‘घूंऽऽ’ असा आवाज वेगाबरोबर वाढतो, रेस सोडली तरी जात नाही? बहुधा बेअरिंग. मी चुकलो ते इथेच.
4. गाडी उभी असताना नुसतं स्टेअरिंग फिरवून आवाज येत असेल, तर आधी सस्पेन्शन बघा.
5. शेवटी चाकाच्या आतल्या बाजूला बघा. ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फाटलाय.

बूट फाटलाय, पण आवाज नाही आणि जॉइंटला ढिलाई नाही? मग जॉइंट उघडून साफ करा, नवं ग्रीस, नवा बूट. काम स्वस्तात होतं. पण कट-कट सुरू झाली असेल तर नुसतं ग्रीस भरून ग्राहकाला पाठवू नका. झिजलेली खाच ग्रीसने भरून येत नाही.

बदलताना काय सांभाळायचं?

हब नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा. मग जॅक लावा आणि खाली स्टँड द्याच. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. चाक काढा, खालचा बॉल जॉइंट सोडवा, हब बाहेर ओढून शाफ्ट मोकळा करा. गिअरबॉक्सकडून शाफ्ट काढताना ऑइल सांडतं, म्हणून खाली ट्रे ठेवा आणि ऑइल सीलला ओरखडा पडू देऊ नका. ब्रेकच्या होजवर वजन लटकवायचं नाही. नव्या जॉइंटमध्ये किटसोबत आलेलंच ग्रीस भरा. हब नट नवा वापरा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा. गिअरबॉक्स ऑइलची पातळी बघा, मग पुन्हा तीच गोल फेरी मारा.

आता धंद्याचं

पार्ट मागवण्याआधी जुन्या जॉइंटचे दाते मोजा आणि एबीएसची रिंग आहे का ते बघा. चुकीचा पार्ट आला तर गाडी जॅकवर, तुमची जागा अडकलेली आणि ग्राहक फोनवर! अंदाजपत्रकात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहा. काम झाल्यावर जुना जॉइंट ग्राहकाच्या हातात द्या, खडखडाट त्याला स्वतःला जाणवू दे.

टेस्ट ड्राइव्हची दहा मिनिटं फुकट जातात असं वाटतं. पण मित्रांनो, ग्राहक त्याच दहा मिनिटांचे पैसे देतो. पान्हा तर शेजारच्या गॅरेजमध्येही आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत!