सायकलवरची शिदोरी : लांबच्या सफरीत काय खावं, किती प्यावं?



पाऊस सरला, भातकापणी आटोपली की आपल्या मालवण भागात रविवारच्या सायकल सफरी सुरू होतात. पूर्वी मोठी माणसंच जायची, आता आठवी-नववीची मुलंही पालकांबरोबर येऊ लागली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण मुलांना सोबत न्यायचं तर एका विषयाचा थोडा अभ्यास हवा, आणि तो म्हणजे खाणं-पिणं. हा धडा मी स्वतः चुकून शिकलो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

सड्यावर काय झालं?

मागच्या थंडीत आम्ही आठ जण मालवणहून कुणकेश्वरला निघालो होतो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी मी सगळ्यांना एकच सूचना दिली होती, "पाणी भरपूर घ्या." खाण्याबद्दल मी एक शब्दही बोललो नव्हतो.

आचऱ्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. पुढे खाडी ओलांडून सड्यावरचा चढ लागला आणि नववीतला एक मुलगा मागे पडू लागला. थोड्या वेळाने तो सायकलवरून उतरून कडेला बसला. चेहरा पांढराफटक, हात थरथरत होते, बोलणंही जरा तुटक. "सर, पायात जीवच नाय," एवढंच म्हणाला. त्याचे वडील घाबरले. पाण्याची बाटली पाहिली तर रिकामी, म्हणजे पाणी तो नीट प्यायला होता. मग विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" उत्तर आलं, "चाय नि दोन बिस्किटा."

जवळच्या घरातल्या आजींनी आम्हाला पाहिलं. त्यांनी काही न विचारता आत जाऊन वाडगाभर पेज आणली. "पेज आसा, मीठ घालून दितंय. आधी ती पी, मगे सायकलीचा बघया." सोबत गुळाचा खडा. पंधरा-वीस मिनिटांत पोराच्या चेहऱ्यावर रंग आला. तिथूनच आम्ही मागे फिरलो.

त्या पोराची तब्येत बिघडली ती उन्हाने नाही आणि पाण्यावाचूनही नाही. त्याच्या शरीरातलं इंधन संपलं होतं, आणि त्याला कारण माझी अर्धवट सूचना होती.

शरीरातली टाकी केवढी असते?

आपण भात, भाकरी, केळं खातो. त्यातल्या पिष्टाची आणि साखरेची शेवटी ग्लुकोज होते. लगेच न लागलेली ग्लुकोज शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं. मोठ्या माणसाच्या स्नायूंमध्ये असं साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावतं. एका ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी धरल्या तर सगळी टाकी २,००० किलोकॅलरींची झाली. मुलांची टाकी त्यांच्या शरीराच्या मानाने लहान असते.

मध्यम वेगाने सायकल चालवताना मोठ्या माणसाला तासाला ४०० ते ५०० किलोकॅलरी लागतात. त्यातला काही वाटा चरबीतून येतो. पण चरबी हळू जळणारं इंधन आहे, ओल्या लाकडासारखं. चढ आला, जोर वाढला की शरीर ग्लायकोजेनच मागतं. म्हणून दोन-अडीच तासांनंतर, वाटेत काही खाल्लं नसेल तर, टाकी तळाला जाऊ लागते.

आता सकाळच्या न्याहारीचा मुद्दा. रात्री आपण झोपलेले असताना मेंदूचं काम चालूच असतं, आणि त्याला लागणारी ग्लुकोज यकृत पुरवतं. त्यामुळे पहाटेपर्यंत यकृतातला साठा बराच उतरलेला असतो. तसंच उपाशीपोटी निघालं की रक्तातली साखर लवकर घसरते. मग पाय तर थकतातच, शिवाय चक्कर येते, हात कापतात, काही सुचत नाही. खाडीच्या अरुंद पुलावर किंवा उतारावर असं झालं तर किती धोका आहे, हे वेगळं सांगायला नको.

घाम आणि आपली दमट हवा

दुसरी बाजू पाण्याची. घाम येऊन अंग गार होतं असं आपण शिकवतो, पण ते पूर्ण खरं नाही. घाम *वाळला* तर अंग गार होतं, कारण बाष्पीभवनाला लागणारी उष्णता त्वचेतून घेतली जाते. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो. शरीर गार होत नाही म्हणून आणखी घाम काढतं. घाटावरून आलेले सायकलस्वार "ऊन तर एवढं नाही, मग इतकं दमायला का होतं?" असं विचारतात, त्याचं उत्तर हेच.

त्यात आपला किनारी रस्ता सपाट नाही. खाडीपाशी उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढायचं. चढावर वेग कमी, म्हणजे अंगावर वाराही कमी, आणि मेहनत मात्र जास्त.

श्रमाच्या वेळी घाम तासाला अर्धा लिटर ते दीड लिटर जाऊ शकतो. माणसागणिक हा आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याचं बघून पाणी पिऊ नये. आपला आकडा आपणच काढावा. पद्धत सोपी आहे:

१. निघण्यापूर्वी कमी कपड्यांत वजन करा.
२. वाटेत किती पाणी प्यायलात ते लक्षात ठेवा.
३. परतल्यावर घाम पुसून पुन्हा वजन करा.

समजा, सुरुवातीचं वजन ६२ किलो, नंतरचं ६१.२ किलो, आणि वाटेत दीड लिटर पाणी प्यायलात. १ किलो वजन म्हणजे साधारण १ लिटर पाणी. म्हणजे घाम गेला ०.८ + १.५ = २.३ लिटर. सफर तीन तासांची असेल तर तासाला सुमारे ७७० मिलिलिटर. हा आकडा कळला की पुढच्या वेळी किती बाटल्या लागतील याचा हिशेब करता येतो.

गेलेलं सगळंच पाणी वाटेत भरून काढायची गरज नाही. वजनातली घट २ टक्क्यांच्या आत राहिली तरी पुरे. वरच्या उदाहरणात ती १.३ टक्के आहे, म्हणजे ठीक. मात्र परतल्यावर वजन *वाढलेलं* दिसलं तर समजावं की पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं.

नुसतं पाणी पुरत नाही

"भरपूर पाणी प्या" ही सूचना अर्धवट का, याचं दुसरं कारण मीठ. घामाबरोबर सोडियमही जातं. काळ्या शर्टावर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग दिसतात ना, तेच. घाम खूप गेला आणि वर नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलो तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं, आणि फारच झालं तर जिवावरही बेततं. गंमत म्हणजे ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, त्यामुळे लोक आणखी पाणी पाजतात.

मीठ आणि साखर एकत्र का द्यायची, यामागे सुंदर विज्ञान आहे. लहान आतड्याच्या भिंतीत असं एक वाहक प्रथिन असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही ओढलं जातं. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून हजारो जीव वाचवले. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पण एक फरक लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसमध्ये लिटरमागे ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असते, म्हणजे जेमतेम ५४ किलोकॅलरी. ते पाणी आणि क्षार भरून काढतं, पण सायकल चालवायला इंधन म्हणून पुरत नाही. त्यासाठी खावंच लागतं.

मग खायचं काय? आपल्याच घरातलं!

*निघण्यापूर्वी दीड-दोन तास:* मऊ पेज आणि मीठ, घावणे किंवा आंबोळी, गूळ-पोहे. तेल-तूप आणि खोबरं कमी. इतक्या पहाटे पोट घेत नसेल तर निघताना एक-दोन केळी आणि थोडे खजूर तरी खाच. कोंबडी-वड्यांचा मोह परतल्यावर पुरवावा. स्निग्ध पदार्थ पचायला वेळ घेतात आणि चढावर पोटात गोळा होतो.

*वाटेत:* तासाभराची सफर असेल तर पाणी पुरतं. त्यापेक्षा लांब असेल तर मोठ्या माणसाने तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत. अंदाजासाठी काही आकडे:

– मध्यम आकाराचं केळं : २० ते २५ ग्रॅम
– छोटी वेलची केळी, दोन : साधारण २५ ग्रॅम
– साधे खजूर, चार : २५ ते ३० ग्रॅम
– गुळाचा १० ग्रॅमचा खडा : ९ ग्रॅमच्या वर
– उकडलेलं रताळं, १०० ग्रॅम : साधारण २० ग्रॅम

राजगिऱ्याचा लाडू किंवा चिक्कीही चालते. आणि आपलं मालवणी खाजं विसरू नका! गूळ आणि आल्याचा तो लेप, खिशात राहतं आणि उन्हात वितळून चिकटत नाही. फक्त तळलेलं असल्याने दोन-चार कांड्याच.

भूक लागायची वाट पाहू नये. भूक जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. दर अर्ध्या तासाला थोडं खायचं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट प्यायचं. मनगटी घड्याळात गजर लावला की मुलांनाही सवय लागते.

*बाटलीत काय?* दोन बाटल्या ठेवाव्यात. एकीत साधं पाणी, दुसरीत कोकम सरबत. ७५० मिलिलिटर पाण्यात आठ छोटे चमचे साखर आणि पाव चमचा मीठ हे प्रमाण ठीक बसतं. कोकमाचं आगळ वापरत असाल तर त्यात आधीच मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ चव घेऊनच घाला. जास्त गोड करू नका, सरबत फार दाट झालं की ते पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो.

शहाळं उत्तमच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्यामानाने कमी. म्हणून शहाळ्याबरोबर खारे शेंगदाणे किंवा मिठाची चिमूट घ्यावी. सोलकढी मात्र घरी आल्यावर, कारण नारळाचं दूध जड पडतं.

*परतल्यावर:* तासाभरात जेवण. भात, डाळ किंवा काळ्या वाटाण्याची उसळ, मासळीचं तिखलं. भाताने रिकामी टाकी भरते आणि मासळी-उसळीतल्या प्रथिनांनी स्नायूंची दुरुस्ती होते.

मोठी माणसंही हेच करतात

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकेकट्याने पार केली. अशा स्पर्धेत सायकलस्वारामागे मदतनिसांची गाडी चालते आणि खाणं-पिणं वेळेवर हातात देणं हे तिचं मोठं काम असतं. आपल्या रविवारच्या सफरीत ते काम आई-बाबांनी किंवा शिक्षकांनी करायचं, एवढाच फरक.

पालकांसाठी चार सूचना

१. मुलांना मोठ्यांचे आकडे लावू नका. अंतर कमी ठेवा, थांबे जास्त घ्या आणि कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक्स मुळीच देऊ नका.
२. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर साखर-मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
३. मूल गप्प झालं, मागे पडू लागलं, उगाच चिडायला लागलं की थांबा. सावलीत बसवून आधी काहीतरी गोड द्या.
४. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

वर्गात करता येईल असा उपक्रम

आठवी-नववीच्या मुलांना खेळाच्या तासाआधी आणि नंतर वजन करायला लावा, प्यायलेलं पाणी मोजायला लावा आणि घामाचा हिशेब एकमान पद्धतीने काढून घ्या. वजनं मुलांनी आपापल्या वहीतच लिहावीत, मोठ्याने वाचून दाखवू नयेत. मग घरच्या पाच पदार्थांतून तीन तासांच्या सफरीची शिदोरी ठरवायला सांगा. गणित, विज्ञान आणि परिसर अभ्यास असे तिन्ही विषय एकत्र येतात.

तो नववीतला मुलगा आता दहावीत आहे. महिन्याभरापूर्वी आम्ही पुन्हा त्याच वाटेने कुणकेश्वरला गेलो. या वेळी शिदोरीची यादी त्यानेच केली होती, आणि दर अर्ध्या तासाला "सर, केळा खावा" म्हणून मलाच आठवण करत होता. परतताना त्या आजींच्या दारात थांबलो. त्यांच्यासाठी त्याने आठवणीने खाज्याचा पुडा आणला होता.

तुमच्या भागात लांबच्या वाटेला काय बांधून देतात, ते जरूर कळवा. पुढच्या सफरीत करून पाहू.