धुळीतली विमाने आणि ट्रॅक्टरचा एअर क्लिनर

एक लिटर डिझेल जाळण्यासाठी ट्रॅक्टरचे इंजिन कमीत कमी दहा हजार लिटर हवा ओढून घेते. उन्हाळी नांगरट किंवा मळणी चालू असताना ही हवा कशी असते, हे आपणांस सांगावयास नकोच. धुळीत वाळूचे अतिबारीक कण असतात व ते सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. इंजिनात शिरल्यावर ते तेलाच्या थरात अडकतात आणि पिस्टन रिंगा व लायनर पॉलिश पेपरसारखे घासून काढतात. मग कॉम्प्रेशन कमी होते, इंजिन ऑइल खाऊ लागते.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढाऊ विमानांनाही हाच त्रास झाला. आकाशात धूळ कोठून आली, असे वाटेल. परंतु तेथील धावपट्ट्या म्हणजे उघडी मैदाने! पुढच्या विमानाच्या पंख्याने उडवलेली धूळ मागच्याच्या इंजिनात जाई. म्हणून ब्रिटिशांनी स्पिटफायर मार्क ५ या विमानाच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसविला. १९४२ मध्ये माल्टा बेटावर आणि १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विन येथे अशीच विमाने लढली. इंजिनाचे रक्षण झाले, पण फिल्टरच्या फुगवट्यामुळे विमानाचा वेग व वर चढण्याची गती घटली. शत्रू समोर असताना ही किंमत जबर होती. पुढे इजिप्तमधील अबुकीर येथील दुरुस्ती तळावर लहान, सुटसुटीत फिल्टर तयार करण्यात आला.

खरी युक्ती मार्क ८ मध्ये साधली. त्यात फिल्टर मुळातच इंजिनाच्या आवरणात बसविला होता. जमिनीवर, उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी हवा फिल्टरमधून घ्यावयाची आणि उंचावर स्वच्छ हवेत गेल्यावर वैमानिकाने थेट मार्ग उघडावयाचा, अशी सोय होती.

ट्रॅक्टर मात्र धुळीच्या वर कधीच जात नाही. त्यामुळे 'ओढ कमी पडते' म्हणून फिल्टर काढून ट्रॅक्टर चालविणे हा शुद्ध घातकी प्रकार आहे. काळा धूर व कमी ओढ यामागे बहुधा तुंबलेला फिल्टर असतो. तो साफ करावा.

ऑइल बाथ एअर क्लिनरची वाटी धुळीच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तेल घट्ट झाले असल्यास किंवा तळाशी गाळ साचला असल्यास वाटी डिझेलने धुऊन, पुसून, खुणेपर्यंतच नवीन तेल भरावे. जास्त तेल भरल्यास ते इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टर डिझेलने धुऊ नये. तो हलक्या हाताने झटकावा किंवा कमी दाबाची हवा आतून बाहेर मारावी. नंतर आत बल्ब धरून पाहावे. कोठेही उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर बदलावा. क्लिनरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीची चीर आणि सैल क्लिपाही तपासाव्यात, कारण तेथून धूळ न गाळता थेट आत जाते.