क्लच सुटत नाही? इंजिन उतरवण्याआधी थांबा!



तीस वर्षं पूर्ण झालेली गाडी आपल्या या देशात 'रेखेव असपानुत' म्हणून नोंदवता येते, त्यामुळे कोणा ना कोणाच्या अंगणात एखादी म्हातारी गाडी कापडाखाली झाकलेली दिसतेच. आज अशाच एका गाडीबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या एम.जी.बी.बद्दल लिहितो. ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० पर्यंत ही गाडी बनली आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. दिसायला देखणी, पण क्लचच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. क्लच प्लेट बदलायची तर इंजिनच बाहेर काढावं लागतं!

म्हणून मुसाखमध्ये कोणी गाडीखाली नुसतं डोकावून "क्लच गेला, इंजिन उतरवायला लागेल" असं म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. पेन्शनीतला पैसा आहे तो. पुष्कळदा प्लेट धडधाकट असते आणि बिघाड बाहेरच्या तेलाच्या नळीत, नाहीतर रबराच्या सीलमध्ये असतो. ते काम एका दुपारचं, आणि सुटे भागही त्या मानानं स्वस्त. (गंमत बघा, हिब्रू पुस्तकात क्लचला 'मात्समेद' म्हणतात, पण मुसाखमध्ये तो 'क्लच'च! इंग्रज गेला, पण त्याचे शब्द गॅरेजमध्ये राहिले.)

बाळगोपाळांनो, आता तुमच्यासाठी. आई-बाबांकडून सुई नसलेल्या दोन सिरिंज मागून घ्या, एक लहान, एक मोठी. प्लास्टिकच्या नळीनं त्या जोडा आणि आत पाणी भरा. लहान सिरिंज दाबली की मोठी आपोआप वर येते. कमी वर येते, पण जोर जास्त लावते. गाडीत पेडलजवळची लहान सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सजवळची मोठी म्हणजे स्लेव्ह सिलिंडर. आता नळीत हवेचा एक मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. मऊ लागतं ना? मोठी सिरिंज नीट हलतही नाही. पाणी दबत नाही, हवा दबते. हायड्रॉलिक क्लचचं अर्धं दुखणं एवढंच आहे, त्यात हवा शिरते.

आता मोठ्यांसाठी. इंजिन गरम करा, हँडब्रेक ओढा, क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि हलकेच रिव्हर्स टाका. 'खर्र' आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग पेडल तीन-चार वेळा भराभर मारून पुन्हा टाकून बघा. आता गिअर गुपचूप पडला, तर प्लेटवर आळ घेऊ नका. एकतर नळीत हवा आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर झिजलंय. शब्बाथभर गाडी उभी राहिली आणि रविवारी सकाळी पहिलंच पेडल खाली गेलं, तरी संशय इथेच घ्यायचा. पाय दाबून धरला असताना पेडल हळूहळू खाली बसतंय, पण डब्यातलं तेल कमी होत नाही? मग मास्टरच्या आतलं सील तेल मागे सोडतंय. तेल कमी होत असेल तर स्लेव्हवरचं रबरी टोपण मागे सारून ओल बघा, आणि पेडलमागचा गालिचा हात लावून बघा. तिथला रंग फुगला असेल तर तेल मास्टरमधून गळतंय.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी मोजपट्टीची. इंजिन बंद, चाकांना अडण्या, गाडी लोखंडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, नातवानं तर मुळीच नाही! एकानं पेडल दाबावं, दुसऱ्यानं स्लेव्हमधून बाहेर येणारा दांडा किती सरकतो ते मोजावं. सुमारे अर्धा इंच सरकायला हवा. कमी सरकला तर दोष बाहेर आहे, इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

आणि बाहेरही, सिलिंडर विकत घेण्याआधी पेडल आणि मास्टरचा दांडा यांना जोडणारी ती छोटी पिन काढून बघा. वर्षानुवर्षं घासून पिनेला खाच पडते आणि पेडलचं भोक लांबट होतं. पेडलची बरीचशी हालचाल तिथेच वाया जाते. माझ्या मते ही पिन सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, कारण ती पेडलच्या पेटीत लपलेली असते आणि वाकून बघायचा कंटाळा येतो.

हवा काढायचं काम या गाडीत चिवट असतं. वरून पेडल मारून निघाली नाही, तर स्लेव्हच्या निपलमधून सिरिंजनं तेल खालून वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला तिच्या वाटेनं जाऊ द्या. मात्र वरचा डबा आधी थोडा रिकामा करा, नाहीतर तेल रंगावर सांडेल आणि रंग खाऊन टाकेल. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. हे तेल विषारी आहे, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

तेल डॉट ४ चं, सीलबंद डब्यातलं. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली होते, तेलाशी आपलं जुनं नातं आहे हे कबूल, पण इथे घरातलं किंवा इंजिनचं कुठलंही तेल चालत नाही! इंजिनच्या तेलानं सिलिंडरची रबरं फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

क्लच सोडल्यावर गाडी उशिरा पकडत असेल तर स्लेव्हची रबरी नळी आतून सुजली असण्याचा संभव आहे. बाहेरून ती नवी दिसते, म्हणून ती किती जुनी आहे हे विचारून घ्यावं.

दांडा पूर्ण अर्धा इंच सरकतोय आणि तरीही गिअर खरखरतोय, तर मात्र दोष आत आहे. महिनोन् महिने उभ्या गाडीत प्लेट गंजून चिकटते, किंवा क्लचचं बेअरिंग संपलेलं असतं. हे बेअरिंग कार्बनचं असतं आणि पाय सतत पेडलवर ठेवायची सवय असली की लवकर झिजतं. मग इंजिन उतरवावंच लागेल. उतरवलंच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदलून घ्या, आणि जुने भाग मागून घरी आणा.