गाठीला सुई लावण्यापूर्वी

श्रोतेहो, आजचा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटावा असा आहे. पण या संकोचापायीच माणसं दुखणं वर्षानुवर्षं कपड्याआड झाकून ठेवतात. म्हणून आज मोकळेपणानं बोलू.

अंडकोशाला सूज आली की आपल्या सोलापूरकडे दोनच नावं तोंडावर येतात. अंतर्गळ, नाहीतर पाणी भरणं. हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना झालेली आहे आणि त्या रोगात अंडकोशात पाणी साचतं, तेव्हा हा तर्क चुकीचा नाही. पण क्वचित एखाद्याच्या सुजेत पाणीही नसतं, आतडंही नसतं. असतो तो रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता.

हा गुंता कसा, ते शेतातल्या पाण्यावरून पाहू. कालव्याचं पाणी चारीत येतं, चारीतून सऱ्यांत मुरतं आणि उरलेलं ओढ्याला मिळतं. शरीरातही रोहिणीचं रक्त बारीक केशवाहिन्यांतून फिरून नीलांत जातं. काहींच्या बाबतीत नीलांचे काठच कच्चे असतात. त्या फुगून मऊ, निळसर गाठ होते. ती दाबली की बसते, उभं राहिलं की भरते. काहींच्या बाबतीत मधल्या सऱ्याच नसतात, कालवा थेट ओढ्यात फुटतो. अशी गाठ हाताला गरम लागते, थरथरते, आणि फुटली तर रक्त थांबता थांबत नाही.

१९८२ साली मुलिकन आणि ग्लोवाकी या अमेरिकी संशोधकांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. तान्ह्या मुलाच्या अंगावरची एक प्रकारची लाल गाठ आधी झपाट्यानं वाढते, मग आपोआप ओसरते. जन्मजात गुंता मात्र मुलाबरोबर वाढतो, आपोआप जात नाही.

मग ओळखायचं कसं? डॉक्टर अंधाऱ्या खोलीत सुजेमागे बॅटरी धरतात. निव्वळ पाणी असेल तर सूज लालसर उजळते. रक्ताची गाठ बहुधा उजळत नाही. पुढची तपासणी डॉपलर सोनोग्राफीची. तीत सुई नाही, कापाकापी नाही. रक्त कुठून कुठे आणि किती वेगानं वाहतं, ते पडद्यावर दिसतं. गुंता खोलवर गेला असेल तर एमआरआय काढतात.

इथंच एक धोका सांगतो. पाणी समजून अशा गाठीत कुणी सुई घातली, तर रक्तस्राव ओढवतो. म्हणून तपासणीआधी सुई नको, चटका नको, लेप नको.

उपचार गाठीप्रमाणे ठरतो. लहान, न दुखणारी गाठ नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. नीलांच्या गाठीत औषध टोचून त्या आतून बंद करता येतात. अर्थात हे काम तज्ज्ञानं यंत्रावर पाहत करायचं. रोहिणीच्या गुंत्यात बारीक नळी घालून आतली वाट बुजवतात आणि गरज पडल्यास मग शस्त्रक्रिया करतात. येणारी मुख्य रोहिणी नुसती बांधून भागत नाही. पाट एका जागी अडवला की पाणी दुसरीकडून वाट काढतं, तसंच इथं होतं.

शिक्षकबंधूंना एक विनंती. खेळताना एखाद्या मुलाच्या वृषणात एकाएकी जीवघेणी कळ आली, तर ती गाठीची गोष्ट समजू नका. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो, म्हणून त्याच पावली दवाखाना गाठा. आणि जो मुलगा लाजून खेळायचंच टाळतो, त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झालं. गावाकडच्या माणसानं आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं आणि तिथून चिठ्ठी घेऊन शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जावं. दुखणं लाजेचं नसतं, मंडळी. ते लपवल्यानं मात्र वाढतं.