बारा सेकंद

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, बारस्टो गावापासून साधारण 60 किलोमीटरवर, अमेरिकी लष्कराचं फोर्ट अर्विनचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. संगणकात डागलेल्या गोळ्याने जमिनीवरचा जिताजागता जवान ‘मरतो’ कसा, हे मला बघायचं होतं.

जवानांच्या अंगावर ‘माइल्स’चे पट्टे असतात. बार कोरा, पण त्यासोबत लेझर सुटतो. तो लागला की पट्टा कर्कश वाजतो. तोफखाना पडद्यावरचा असला तर गोळा कुठे पडला आणि त्या क्षणी तिथे कोण होतं हे संगणक ताडून पाहतो, आणि पट्ट्याला निरोप जातो.

सिम्युलेटरमधल्या रणगाड्यांची गोष्ट वेगळी. डार्पा या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेने 1983 साली सिमनेट हे सिम्युलेटरांचं जाळं सुरू केलं, तेव्हापासून प्रत्येक यंत्र इतर रणगाडे कुठे पोचले असतील याचा स्वतःच अंदाज बांधतं. अंदाज फार चुकू लागला तरच नवा ठावठिकाणा कळवला जातो. त्यातून पुढे आलेल्या, सिम्युलेटर एकमेकांशी जोडण्याच्या ‘डिस’ प्रमाणकात उभ्या रणगाड्यालाही दर पाच सेकंदांनी आपण असल्याची खूण द्यावी लागते. बारा सेकंद खूण आली नाही, की बाकीची यंत्रं त्याला पुसून टाकतात. “बारा सेकंद, बस्स,” मला हे समजावणारा सरावांचा निवृत्त निरीक्षक म्हणाला.

माझा जीव मात्र जमिनीवरच्या सरावात जखमी ठरून भिंतीलगत आडव्या झालेल्या एका पोरात अडकला होता. उन्हाने भाजलेली माती, बंदुकीच्या दारूचा उग्र वास, छातीवर जखमेचं कार्ड. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर तो मेला असं धरतात. त्याला बारा सेकंदांत कोणी पुसत नाही. चिलखतासकट उचलायला चौघे लागतात, आणि ते चौघे तेवढा वेळ लढाईतून कमी होतात. पडद्यावरच्या पलटणीत जखमी म्हणजे वजा झालेला आकडा.

सिम्युलेटरमुळे डिझेल वाचतं, दारूगोळा वाचतो, चूक स्वस्तात पडते. हे सगळं मान्य. पण पैसे वाचवायला या पोराचं उन्हातलं पडणं कमी केलं, तर सरावाच्या मूल्यमापनात मोठं भोक पडेल असं मला ठामपणे वाटतं. आखाती युद्धातली 26 फेब्रुवारी 1991 ची 73 ईस्टिंगची लढाई नंतर संगणकावर पुन्हा उभी केली, तीसुद्धा लढून आलेल्यांना बारकाईने विचारूनच.

सरावानंतरच्या बैठकीत काय ठरलं होतं, काय घडलं आणि का घडलं, हे सगळ्यांना विचारतात. शिपायालाही अधिकाऱ्यासमोर बोलता येतं. पडद्यावर प्रत्येक गाडीची वाट उमटलेली असते. निवृत्त निरीक्षकाने अशाच एका बैठकीतली आठवण सांगितली. जखमीला मदत उशिरा का आली, हे त्या वाटांवरून कोणालाच उमगत नव्हतं. शेवटी मागून एक शिपाई म्हणाला, “स्ट्रेचर दुसऱ्या गाडीला बांधलं होतं, सर.”