मोटारीतली ऊब

आपल्या गावची मुले गाडी घेऊन थंडीत हिमाचल प्रदेशात, काश्मीरकडे जातात. तिथे गाडीतला हीटर नीट हवा. नाहीतर हात गारठतात, काच धुरकटते आणि समोरचा रस्ता दिसत नाही. जुन्या गाडीची ऊब कमी का होते, ते आपण पाहू.

हीटरमध्ये वेगळा विस्तव नसतो. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरते. तेच तापलेले पाणी दोन रबरी नळ्यांतून एका लहान जाळीदार पेटीत जाते-येते. पंखा तिच्यातून वारा ढकलतो. तो ऊन वारा आत येतो. चुलीच्या जाळावर वैलावरचे पाणी तापते, तसेच हे. वैल गार लागला, तर आपण आधी चूल पाहतो. इथेही तेच करायचे.

आम्ही चार खुणा सांगतो.

१. पाणी : इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम असताना आत दाब असतो. उकळते पाणी उडून तोंड भाजते. पाणी कमी असेल, तर ते कुठे गळते ते शोधावे. थंड मुलखात नुसते पाणी गोठून इंजिन फुटते. म्हणून न गोठणारे कूलंट घालतात.

२. काटा : गाडी बराच वेळ चालली तरी उष्णतेचा काटा खालीच राहतो का? मग थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असेल. ही एक लहान झडप आहे. पाणी सुमारे ८० ते ९० अंश तापले की ती उघडते.

३. नळ्या : इंजिन तापल्यावर बंद करावे. मग नळ्यांना जपून हात लावावा. एक ऊन, दुसरी गार, तर पेटी गाळाने तुंबली असेल. दोन्ही ऊन, तर पंखा किंवा वाऱ्याचे झाकण पाहावे. दोन्ही गार, तर पाणी कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल.

४. वास : पायाखाली ओल, गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ आली, तर पेटीच गळते आहे.

चालता चालता हीटर गार झाला आणि काटा वर चढला, तर गाडी लगेच थांबवा. पाणी संपलेलं असतं. तसंच पुढे गेलं तर इंजिन जातं.

मिस्त्रीला 'हीटर चालत नाही' एवढंच सांगू नका. काटा कुठे होता, कोणती नळी गार होती, तेही सांगा. म्हणजे नको ते सामान बदलले जाणार नाही आणि आपला पैसा वाचेल.