रविवारी धावा, पण टेकडीवर

आठवडाभर तुम्ही सपाटच चालता. घरातली फरशी, ऑफिसातली फरशी, लिफ्ट, पार्किंग. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालात तरी पेव्हर ब्लॉकचा फूटपाथ. म्हणून रविवारची एक सकाळ पायांना माती-दगडाची वाट दाखवा. त्यासाठी लांबचा ट्रेक ठरवायला नको. पुण्यात असाल, तर कोथरूड, पाषाण, गोखलेनगर अशा भरवस्तीच्या मधोमध वेताळ टेकडी उभी आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी म्हणजे शहरातलं जंगलच. पहाटे इथे मोरांचा आवाज ऐकू येतो. लॉ कॉलेज रोडकडून चढलात तर दम काढणारी चढण लागते. एआरएआयच्या बाजूने आलात तर डांबरी रस्ता बराच वर आणून सोडतो. नवख्यांसाठी हीच बाजू बरी. वर माथा बराचसा सपाट आहे. जुन्या दगडखाणीच्या काठाने वेताळाच्या देवळापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. तिथे पाणी साठलेली खाण आहे. दोन मिनिटं शांत उभे राहिलात तर पक्षी दिसतील.

घड्याळातला वेग विसरा

रस्त्यावर एक किलोमीटर तुम्ही जेवढ्या वेळात धावता, त्याहून टेकडीवर बराच जास्त वेळ लागेल. त्यात कमीपणा नाही. इथे प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, त्यामुळे घोट्याभोवतीचे आणि पोटरीचे लहान स्नायूही कामाला लागतात. तोल सांभाळायची सवय होते. म्हणून अंतर मोजू नका, वेळ मोजा. पहिल्या रविवारी वीस मिनिटं पुरेत.

चढावर सरळ चाला. सराव असलेले धावपटूही उभ्या चढावर चालतातच. सपाटीवर हळू धावा. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की चाला. उतारावर खरी काळजी घ्या, कारण घोटा मुरगळतो तो बहुधा इथेच. मागे झुकून टाच रोवत उतरू नका. गुडघे किंचित वाकवा, पावलं छोटी टाका आणि नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे ठेवा.

बुटांचा तळ खाचांचा, पकड असलेला हवा. गुळगुळीत झालेले जुने बूट मुरुमावर घसरतात. अर्धा लिटर पाणी आणि चार्ज केलेला फोन जवळ असू द्या. कानात गाणी नकोत. मागून येणाऱ्याची चाहूल लागली पाहिजे. एकट्याने आणि अंधारात जाऊ नका. गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील, तर त्यांनी माथ्यावर रमतगमत फिरावं, तुम्ही पुढे जाऊन परत त्यांच्यापाशी यावं.

ऋतू पाहून निघा

पावसाळ्यात टेकडी हिरवीगार होते, पण काळ्या खडकावर शेवाळ धरतं. त्यावर पाय ठेवायचं टाळा. हिवाळा धावायला सगळ्यांत सुखाचा. उन्हाळ्यात उजाडताच निघा आणि ऊन चढायच्या आत खाली या. या दिवसांत वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटतं, म्हणून काडेपेटी आणि सिगारेट घरीच राहू द्या.

मळलेली वाट सोडू नका

ही एक गोष्ट मात्र प्रत्येक ऋतूत पाळा. चार जण वळण टाळून उतारावरून सरळ खाली आले की नवी चोरवाट पडते. तिथलं गवत मरतं. पावसाचं पाणी तीच सरळ वाट धरून धावतं, माती वाहून नेतं आणि पुढे तिथे घळ पडते. तेच पाणी गवतात अडलं असतं, तर खडकाच्या भेगांतून जमिनीत मुरलं असतं. खालच्या वस्तीतल्या विहिरी आणि बोअरवेल अशाच मुरलेल्या पाण्यावर चालतात.

दुसरं कारण म्हणजे पक्षी. मोर आणि टिटवी अंडी जमिनीवरच घालतात. उघड्या माळावरचं जे गवत आपल्याला रिकामं वाटतं, ते कुणाचं तरी घर असतं. टेकडीवर मोठ्या प्रमाणात लावलेला गिरिपुष्प हा मूळचा मध्य अमेरिकेतला वृक्ष. पळस, सालई, पांगारा यांसारखी इथली झाडं जिथे टिकून आहेत, तिथली रोपं आपल्या पायाखाली जाता कामा नयेत.

या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायचे बेत पुढे आले, तेव्हा २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात रोज सकाळी टेकडीवर येणारेही होते. ज्या जागी आपण दर आठवड्याला घाम गाळतो, ती जागा नकाशावरचा नुसता हिरवा ठिपका राहत नाही. तिथलं एखादं झाड कमी झालं, तरी आपल्या लगेच लक्षात येतं.

तुम्ही पुण्याबाहेर असाल, तरी जवळपास असं रान शोधा. दिल्लीत संजय वन आहे, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यानात बिबटे आहेत, त्यामुळे ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या वाटेवरच धावा. कुठेही जाण्याआधी प्रवेशाची वेळ आणि नियम विचारून घ्या.

या शनिवारी बूट दाराशी काढून ठेवा, शेजारच्या एखाद्याला फोन करा. खिशात एक रिकामी पिशवीही असू द्या. उतरताना वाटेत दिसलेल्या चार प्लास्टिकच्या बाटल्या त्यात सहज मावतील.